चौकशीत निष्पन्न झालेलं नाव

हे मी वडिलांना सांगितलेलं नाही. दिगाला तर नाहीच. लिहायला बसलो आणि उठून दाराला कडी लावली – दिवसाढवळ्या, घरात कुणी नसताना. परत बसलो, परत उठलो, कडी नीट लागली का ते पाहिलं. कशाला? कागद काय ओरडणार होता?

तुम्ही माझं काही वाचलं असेल तर ते पत्रकच असणार. फाट्यावरच्या टपरीला, एसटीच्या शेडला, सोसायटीच्या भिंतीला चिकटवलेलं. वडील चळवळीतले. आमच्या घरात दिवाणाखाली धान्याच्या पोत्यांऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पुढच्या बाजूला छापलेला 'जुलूम', मागच्या बाजूला माझा वाकडा 'ज'. सत्तेपुढं खोटं बोलायचं नाही, हे मी त्या कागदांतच शिकलो. ते पुढं माझ्या फार कामाला आलं. कसं, ते सांगतो.

दिगा म्हणजे दिगंबर. पहिलीपासून माझ्या बाकावरचा. बारावीनंतर मी पत्रकं लिहायला लागलो आणि तो कालव्याच्या भरावावर पळायला लागला. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी पोरं असतात. पहाटे खिशात भिजवलेले हरभरे घालून पळणारी. गाव त्यांना 'भरतीची पोरं' म्हणतं. थोडं कौतुकानं, थोडं टिंगलीनं. दिगाला शहर पोलिसांत शिपाई व्हायचं होतं. दुसरं काहीच नाही. वडील लवकर गेलेले, आई दोन म्हशींवर घर चालवणारी. एकच रस्ता त्याला दिसत होता आणि तो त्यावर पळत होता.

मला तो पत्रक्या म्हणायचा. एकदा म्हणाला, "पत्रक्या, नुसती बोटं पळवून काय व्हतंय? पाय पळीव."

मी गेलो. तब्येतीसाठी, असं घरी सांगितलं. पण शहर पोलिसांची भरती निघाली तेव्हा मीही अर्ज भरला. 'लाठीला डोळे नसतात' असं ज्यानं मोठ्या अक्षरात छापलं, त्यानं. का भरला? पगार? मिरवणूक? आपलं नाव ऐकून माणसं जराशी सरळ होऊन बसतील, ही इच्छा? बहुतेक तीच. पत्रकं वाचून कुणी सरळ होऊन बसत नाही.

मैदानावर सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत माझा दम तुटला. मी पोट धरून कडेला बसलो. शिट्टीवाला म्हणाला, "बाजूला हो, मागचे येतायत." दिगाची धाव आधीच झाली होती, चांगली झाली होती. त्यानं माझी पिशवी उचलली, मला पाणी पाजलं. गावात आल्यावर त्यानं परस्पर सांगून टाकलं की मी त्याच्या सोबतीला गेलो होतो. माझ्या अर्जाचं आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ते झाकायला मी त्याला सांगितलंही नव्हतं. त्यालाच समजलं.

आणि याच गोष्टीचा मला राग आला. विचित्र आहे ना? पण आला.

दिगा लेखीतही निघाला. त्याच्या आईनं पेढे वाटले. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. म्हणजे पोलीस ठाण्याचा माणूस गावात येतो, चार जणांना विचारतो, पोरगं कसं आहे. आमच्याकडे याची एक रीत आहे, कुणी ठरवलेली नाही पण सगळे पाळतात. भरतीच्या पोराची चौकशी आली की गावात कुणाचं कुणाशी वैर नसतं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोही सांगतो, पोरगं लई गुणी हाय. पोराच्या भाकरीवर पाय द्यायचा नाही. बाकीची भांडणं नंतर.

आता त्याआधीच्या उन्हाळ्यातलं सांगायला हवं.

कालव्याचं आवर्तन लांबलं होतं, पाणी सुटत नव्हतं, उभी पिकं चालली होती. मी पत्रक काढलं, माणसं फाट्यावर जमली, नगर-संभाजीनगर रस्ता अडला. पोलीस आले, रेटारेटी झाली, आणि कुणाचातरी दगड एका एसटीच्या समोरच्या काचेवर बसला. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं. माणसं पांगली. दिगा मात्र त्या एसटीत चढला. ड्रायव्हरला धरून खाली आणलं, स्वतःचा रुमाल त्याच्या डोक्याला बांधला, रिक्षात बसवून दिलं. हे पाहणारी माणसं थोडीच होती. मी होतो.

गुन्हा दाखल झाला तो वीस-पंचवीस अनोळखी इसमांवर. तेव्हा आम्ही हसलो. ह्या पंचक्रोशीत अनोळखी कोण? पण वडील हसले नाहीत. म्हणाले, "अनोळखी लिहिलं म्हणजे जागा मोकळी ठेवली. त्यात कुणाला कधी बसवतील सांगता येत नाही." ते बरोबर होते. फक्त बसवणारा कोण असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पडताळणीला जो हवालदार आला तो वयस्क होता, शांत. आवाज चढवणारा असता तर बरं झालं असतं, मला त्याची सवय होती. सरपंचाकडे झालं, शाळेत झालं, मग मला फाट्यावरच्या टपरीत बसलेलं पाहून माझ्यासमोर येऊन बसला. दोन चहा सांगितले. दिगाचे चुलते रंगनाथ तात्या आणि दिगाचं घर यांचं चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतात येणाऱ्या पाटाच्या, पाण्यावरून कित्येक वर्षं बोलणं नाही, हे त्याला माहीत होतं. मुद्दाम तिथंही जाऊन आला होता. म्हणाला, "चुलता तर म्हनला, आमचं वाकडं हाय, पन पोरगं सोन्यासारखं हाय." आणि हसला. मग ग्लास टेबलावर हळू फिरवत राहिला.

"तुमी लिहिता म्हनं. खरं लिहिता. मग तुमीच सांगा, त्या रास्ता रोकोत हे पोरगं हुतं का?"

मला काय सांगता आलं असतं? माहीत नाही, एवढंच पुरलं असतं. गर्दी होती. आठवत नाही. पोरगं गुणी आहे. अख्खं गाव तेच सांगून मोकळं झालं होतं. तात्यांसारखा माणूस सांगून मोकळा झाला होता.

मी म्हणालो, "होता."

आणि थांबलो नाही. विचारलं नसताना म्हणालो, "एसटीत चढला होता."

दोन्ही खरं. कशासाठी चढला होता, ते मी सांगितलं नाही. तोंडात आलं होतं, आणि मी त्यावर चहाचा घोट घेतला. माझ्या मनात त्या वेळी चक्क ते वाक्य होतं – सत्तेपुढं खोटं बोलायचं नाही. इतकं स्वच्छ वाटत होतं मला. आतून मात्र मैदान दिसत होतं, ती शिट्टी, आणि माझी पिशवी खांद्याला लावून पुढं चाललेला दिगा.

हवालदारानं काहीच लिहून घेतलं नाही. चहा संपवला, पैसे ठेवले, गाडीला किक मारली. त्यानं लिहून घेतलं नाही म्हणून मी तिथंच बसून राहिलो. वाटलं, चला, हवेत गेलं.

हवेत नव्हतं गेलं. थोड्याच दिवसांत दिगाला ठाण्यात बोलावणं आलं. चौकशीत त्याचं नाव निष्पन्न झालं होतं. हा त्यांचा शब्द. बी पेरावं आणि उगवावं, तसं. मी त्याच्यासोबत गेलो आणि बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. आत त्याला विचारलं गेलं की दगड कुणी मारला. सांग, मग तुझं बघू, असं म्हणाले. बराच वेळ लागला. तो बाहेर आला, चप्पल पायात घातली, माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई सांगितलं," म्हणाला.

बस, एवढंच. गाडीवर मागं बसला. मागून त्याचा श्वास मला मानेवर लागत होता, आणि मला वाटत होतं की आता बोलेल. आता बोलेल.

तुम्हाला कळलं असेल. मी इथवर 'कुणाचातरी दगड' असं लिहीत आलो – इथंसुद्धा, दाराला कडी लावून. दगड माझा होता. दिगा माझ्या शेजारी उभा होता, त्यानं हात वर जाताना पाहिला होता. नेम नव्हता, असं मी म्हणणार नाही. नेम काचेवर होता. काचेमागं माणूस असतो, हे मला माहीत होतं.

म्हणजे बघा, मी त्याचं नाव दिलं, आणि त्यानं माझं दिलं नाही.

त्याची नेमणूक गेली. तो काही दिवस तसाच भरावावर पळत राहिला, कुणी सांगितलं नाही म्हणून न थांबल्यासारखा. मग थांबला. आणि मी काय केलं? मी पत्रक काढलं. 'एका पोराची वर्दी कुणी नेली?' असा मथळा. चांगलं जमलं होतं, लोक अजून आठवण काढतात. त्यात एक ओळ होती – गावात एक घरभेदी आहे आणि गाव त्याला ओळखून आहे. ती ओळ मला कुठून सुचली? लिहिताना मला खरोखर संताप आला होता. दुसऱ्याच कुणावर तरी. स्वतःच्या हातानं स्वतःला शिवी लिहिली आणि ती दुसऱ्या दाराशी जाऊन बसेल अशी लिहिली.

ती बसली. घरभेदी म्हटल्यावर गाव भावकीकडे बघतं. रंगनाथ तात्या टपरीत आले की बाकडं रिकामं व्हायला लागलं. त्यांच्या चारीचा दरवाजा कुणीतरी मोडला. त्यांचं कुत्रं मेलेलं सापडलं. तात्या कुणाला काही बोलले नाहीत. 'मी दिगाचं चांगलंच सांगितलं,' हे ते कुठं आणि कसं ओरडून सांगणार? ते खरं आहे हे गावात त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं. हवालदारानं मला सांगितलं होतं ना, चहावर. पण ते मी बोललो असतो तर कुणीतरी विचारलंच असतं, हवालदार तुझ्यापाशी कशाला बसला होता?

एका संध्याकाळी दिगा माझ्याकडे आला. पत्रक त्याच्या खिशात घड्या पडून मऊ झालं होतं.

"तात्यानंच केलंय," म्हणाला. "तूच लिव्हलंय की."

मी म्हणालो, मी नाव कुणाचंच लिहिलं नाही.

तो हसला. "नाव कशाला लागतंय?"

त्याच्या हसण्यात काहीतरी नवं होतं. मी ते ओळखलं. माझ्यापुढं दोन वाटा होत्या, त्याही मला स्पष्ट दिसल्या. मी म्हणालो, "असेल बाबा." आणि पंख्याचा वेग वाढवायला उठलो.

पुढच्या पाण्याच्या पाळीला चारीवर दिगानं खोऱ्याच्या दांड्यानं तात्यांचा पाय मोडला. गुडघ्याखाली, दोन ठिकाणी. आता त्याच्यावर खरा गुन्हा आहे. नावासकट. मी टपरीत अर्धं सांगून जसा दिगा उभा केला होता, तसाच माणूस आम्ही मिळून खरोखर तयार केला.

तात्या नगरला दवाखान्यात होते. वडिलांसोबत मीही बघायला गेलो. वडिलांनी मोसंबी नेली होती. तात्या छताकडे बघत म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई रं. त्याला कुनीतरी पेटीवलंय." वडिलांनी मान हलवली. मी मोसंबी सोलत होतो. सोलून तात्यांच्या हातात फोडी दिल्या, आणि त्यांनी खाल्ल्या.

आता केस उभी राहिली आहे. दिगा जामिनावर सुटलाय, परवा पुन्हा माझ्याकडे आला. बारीक झालाय. वकिलाचं म्हणणं असं की वागणूक चांगली आहे हे सांगायला गावातलं कुणीतरी शब्दाला वजन असलेलं माणूस हवं. "तुझ्याबिगर कोन हाय मला?" म्हणाला. मी हो म्हणालो. सोबत आलेल्या त्याच्या आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

कोर्टात मला शपथ देतील आणि विचारतील, मुलगा कसा आहे. तोच प्रश्न. उत्तरही तेच, त्या दिवशी सगळ्या गावाला येत होतं ते. मला तेव्हाही येत होतं.

हे छापून घेतोय, नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या अक्षरात, खाली माझं नाव घालून. कोर्टाच्या तारखेच्या आधी फाट्यावर लावणार आहे. टपरीला, एसटीच्या शेडला, सोसायटीच्या भिंतीला. दिगा रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन त्या शेडमध्येच थांबतो. माझं पत्रक गावात सगळ्यात आधी तोच वाचतो.