जुनं डेव्हलपर आणि माता मायचा मुखवटा

मे महिन्यातली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका वाटीतल्या द्रवाकडे बघत श्वास रोखून उभा राहिलो तो तेवढाच एकदा.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात भंडाऱ्याचा एक पितळकाम करणारा कारागीर आत आला. आधी दार ओढून घेतलं, मग बसला.

"साहेब, एक मानूस देवीचा मुखवटा घेऊन आला होता. म्हणते, कानाजवळचं ठिगळ काढ, नाक घासून नवं कर. आता सांगा, घरच्या देवीचं रूप कोन बदलते?"

या माणसाला कायदा माहीत नव्हता, पण गिऱ्हाईक कळत होतं. मी लगेच जुन्या फायली काढायला सांगितल्या. सुमारे तीस वर्षांपूर्वी मोहाडी तालुक्यातल्या एका गावातून गावदेवी माता मायचा पितळी मुखवटा चोरीला गेला होता. तपास लागला नाही म्हणून 'अ' समरी होऊन प्रकरण बंद झालं होतं. संशयावरून देवळाच्या पुजाऱ्याला चार दिवस ठाण्यात बसवून ठेवल्याची नोंदही होती. त्याच्याविरुद्ध एका ओळीचाही पुरावा नव्हता.

मुखवटा आम्ही पंचांसमक्ष जप्त केला. घेऊन येणारा त्याच गावचा प्रतिष्ठित गृहस्थ निघाला. स्वच्छ धोतर, शांत आवाज. त्याला अटक केली, कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

"ही आमच्या आजीच्या काळापासूनची घरची देवी आहे," असं तो प्रत्येक प्रश्नाला सांगत होता. एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. खरं बोलणारा माणूस आठवताना अडखळतो. हा अडखळत नव्हता, म्हणूनच माझा संशय वाढला. पण संशयावर कोर्ट चालत नाही. आणि गावातल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी ठिगळ उजव्या कानाला सांगत होतं, कोणी डाव्या.

मग मी पुजाऱ्याकडे गेलो. गावाबाहेरच्या झोपडीत राहत होता. चोरीनंतर गावाने त्याला पुन्हा देवळाची पायरी चढू दिली नव्हती. माझी वर्दी पाहून तो उठून उभा राहिला.

"परत आले का तुमी? आता कायले नेता मले?"

"न्यायला नाही, विचारायला आलोय," मी म्हणालो. "मुखवट्याचा कुठे फोटो निघाला होता का?"

तो परत खाली बसला. "निघाला ना. चोरीच्या आदल्या दिवशी यात्रा होती. फोटोवाल्यानं काढला. तवा मले कोनी हे इचारलंच नाई."

तो छायाचित्रकार चोरीनंतर आठ दिवसांतच वारला होता. त्याची बायको मात्र गावातच होती. तिने धानाच्या कोठीतून एक पत्र्याची पेटी काढली. आत कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यात न धुतलेला काळा-पांढरा रोल!

"ह्यांचं शेवटचं काम हाय, साहेब," ती पेटीवर हात ठेवून म्हणाली. "बिघडलं तं?"

जप्ती पंचनामा करून रोल सीलबंद केला. वरिष्ठांना फोन केला, प्रयोगशाळेत विचारलं. काळा-पांढरा रोल धुणं तिथे केव्हाच बंद झालं होतं. नवीन रसायन मागवायला आठवडा लागणार होता आणि कोठडी दुसऱ्याच दिवशी संपत होती. जाणकाराकडून पंचांसमक्ष धुवून घ्या, अशी लेखी परवानगी मिळाली.

भंडाऱ्यात पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. हौस म्हणून अजून घरी रोल धूत. त्यांच्याकडे डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या औषधाच्या, दोन बाटल्या होत्या. एकीतलं पाण्यासारखं नितळ, पुडीपासून सहा महिन्यांपूर्वी बनवलेलं. दुसरीतलं कोऱ्या चहासारखं काळपट, बारा वर्षांपूर्वी उघडलेलं. त्या बाटलीत तळापासून काचेच्या गोट्या भरल्या होत्या.

"ह्या गोट्या कशाला?" मी विचारलं.

"औषध कमी झालं की वर हवा भरते. हवेनंच ते मरते. म्हनून गोट्या टाकून बाटली काठोकाठ ठेवतो."

मी नितळ बाटलीकडे बोट केलं. "ताजंच वापरा ना."

ते हसले. "रंगावर जाऊ नका, साहेब. पुडीचं औषध मेलं तरी नितळच दिसते. पहिले पारखून पाहू."

त्यांनी अंधाऱ्या खोलीत रोल कॅमेऱ्यातून काढला आणि त्याच्या टोकाचा बोटभर तुकडा कापून आणला. रोल भरताना त्या टोकाला उजेड लागलेलाच असतो, त्यामुळे ते जिवंत डेव्हलपरमध्ये काळं पडायलाच हवं. अर्धा तुकडा वाटीतल्या नितळ द्रवात बुडवला. एक मिनिट गेलं, पाच गेली, तुकडा दुधट तो दुधटच. डेव्हलपर मेलेलं होतं. रोल त्यात टाकला असता तर सगळं तिथेच संपलं असतं!

मग दुसऱ्या वाटीत काळपट द्रवाचे काही थेंब पाण्यात मिसळून उरलेला तुकडा बुडवला. आम्ही चौघं त्या वाटीवर वाकलो. कडेने राखाडी छटा आली, ती पसरली, आणि बघता बघता तुकडा कोळशासारखा काळा झाला.

"जिवंत हाय!" म्हातारबुवा लहान मुलासारखे ओरडले. पंचांनी टाळी वाजवली. मीही वाजवली असती, पण हातात पंचनाम्याचा कागद होता.

बाहेर ऊन आग ओकत होतं. बर्फाच्या परातीत द्रव थंड करून त्यांनी रोल धुतला. जुन्या रोलवर धुकं चढतंच, तसं चढलं होतं. पण नऊ चित्रं ओळखू येत होती. भिंगाखाली धरलेल्या सहाव्या चित्रात देवळातली माता माय होती. डाव्या कानाखाली ठिगळ, त्यावर तीन खिळे. जप्त मुखवट्याशी खिळा न् खिळा जुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चित्राची छापील प्रत आरोपीसमोर ठेवली. त्याचा शांत आवाज पहिल्यांदा फाटला.

"पन तो रोल तं कधी धुतलाच नव्हता!"

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

तासाभरात त्याने चोरी कबूल केली. फोटोवाला वारल्यावर त्याच्या बायकोकडे हाच गृहस्थ रोलची चौकशी करायला गेला होता आणि रोल धुतलाच नसल्याचं तिने सांगितलं होतं, हे तिच्या जबाबातून नंतर कळलं. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याने दाखवलेल्या जागेतून, त्याच्या गोठ्याच्या माळ्यावरून, मुखवटा देवळात ज्यावर बसवलेला असे तो लाकडी पाट पंचांसमक्ष निघाला, आणि तो पुरावा टिकला. पुजाऱ्याचं नाव पोलिसांना सुचवणाराही तोच होता.

फोटोवाल्याच्या बायकोला नऊही चित्रांच्या प्रती दिल्या. एक पुजाऱ्याला दाखवली. देवीशेजारी आरतीचं ताट घेऊन तो स्वतः उभा होता. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "मी एवढा बारीक होतो का?"

या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याने फिल्मच्या एका तुकड्यासाठी पाच मिनिटं खर्च केली, दिसण्यावर विसंबला नाही. आमच्या खात्याने एका माणसासाठी तेवढंही केलं नव्हतं. चांगला कपडा आणि गोड बोलणं यांना आम्ही साक्ष मानलं.

कोर्टाच्या आदेशाने मुखवटा गावाला परत मिळाला, तेव्हा मी वर्दीत गेलो. सगळ्या गावासमोर, ठाण्याच्या वतीने, हात जोडून पुजाऱ्याची माफी मागितली. मला वाटलं, तो रडेल किंवा मला चार शब्द सुनावेल. त्याने फक्त माझे जोडलेले हात खाली केले आणि देवळाची पायरी चढला.

"सरका, साहेब," तो म्हणाला, "पूजेची वेळ होऊन राहिली."