गवतावरची गाडी

डोंगरकड्याच्या उकंडी सुताराची लेक देवका पायानं अधू होती. लढाईवरून परतलेल्या मामानं बर्फावर घसरणाऱ्या गाड्यांची गोष्ट सांगितली, तशी ती म्हणाली, "बाबा, बर्फ न्हाई, पण टेकडीवर गवत हाये की!"

उकंडीनं बिनचाकाची गाडी केली. दिवाळीत गवत वाळलं की तिघांनी जायचं ठरलं. पुढं कोण बसणार, यावरून मायलेकी रोज भांडत.

भादव्यात गावात पटकीची साथ आली आणि देवका गेली.

दिवाळीला तिच्या आईनं, गोजरबाईनं, भाकरी बांधल्या.

"काहून?" उकंडीनं विचारलं.

"लेकराला कबूल केलं व्हतं."

दोघं गाडी घेऊन टेकडीवर गेली. गवत पिवळं, निसरडं झालं होतं. गाडीत बसायचा धीर कोणालाच झाला नाही. उतरताना उकंडी पहिल्यांदा मोठ्यानं रडला.