टेन्शनवर

दंडाला गुंडाळलेला बीपीचा पट्टा सोडताना चर्र आवाज होतो. तो ऐकला की मी पुन्हा आईशेजारी जाऊन बसतो, जव्हारच्या एका दवाखान्यातल्या बाकड्यावर.

तिला झोप लागत नव्हती म्हणून मी तिला दाभोशाहून जीपने आणलं होतं. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. पट्टा सोडता सोडता डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काही टेन्शन आहे का?"

"हाय ना," आई म्हणाली. "मोठा पोरगा टेन्शनवरच हाय."

डॉक्टर गोंधळले. मी सांगितलं, दादा ठेकेदाराबरोबर गुजरातेत टॉवरवर तारा ओढायला गेलाय, हाय टेन्शनच्या. आईला तो शब्द तेवढ्यापुरताच ठाऊक. डॉक्टर खो खो हसले, मीही हसलो. आमचं बघून आईही हसली आणि मग हळूच म्हणाली, "डाक्टर, किती उंच ऱ्हातो वो तो टॉवर?"

डॉक्टर गोळ्या लिहीत होते. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले.

पुढे दादा धडधाकट परत आला. आईची झोप काही परत आली नाही.

आज पट्टा सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला तेच विचारलं. माझा मुलगा ठाण्यात बाइकवरून घरोघरी जेवण पोचवतो आणि कालपासून फोन उचलत नाही. मला "नाही" म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "मॅडम, ठाण्याच्या रस्त्यांना खड्डे फार असतात का हो?"

त्या हसल्या.