अर्ध्यावर थांबलेली मोजणी
कूलरमधला वाळा ओला झाल्याचा वास आला की मला ऐंशीच्या दशकाअखेरीची, जयपूरच्या आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली आठवते. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. “पढ़ो बाबू, पर कुछ तोड़ना मत,” असं म्हणत तिथल्या शिपाईभैयांनी मला सुट्टीच्या दिवशी खोलीची चावी दिली होती. प्रोजेक्ट लवकर संपावा म्हणून मी सरांना न विचारताच त्या एकुलत्या एक कॉम्प्युटरमध्ये मशीनचा वेग ठरवणारा क्रिस्टल काढून जास्त वेगाचा बसवला. दुपारी कूलरचं पाणी संपलं, खोली तापली आणि पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजली. मशीन पुन्हा सुरू केलं, तर सुरुवातीला पडद्यावर होणारी मेमरीची मोजणी अर्ध्यावरच थांबली, आणि पुढच्या खेपेला त्याच्याही आधी. भैयांनी घाबरून सरांना बोलावलं. उष्णतेने एखादी चिप खाचेतून वर आली असेल, असं समजून सर एकेक चिप अंगठ्याने दाबत गेले. क्रिस्टलपाशी त्यांचा अंगठा थांबला. “यह किसने लगाया?” भैयांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “चावी मेरे पास थी, साहब,” ते खाली बघत म्हणाले. सोमवारी खोली उघडायला दुसराच माणूस आला. आज माझ्या टेबलावर माझा स्वतःचा कॉम्प्युटर आहे, पण कूलर लावला की अजून वाटतं, सर त्या खोलीत माझ्याच उत्तरासाठी थांबलेत.