गुरुदासाच्या पेटीतल्या एकेचाळीस सुना

गुरुदास रेडकर निवांत बसलेला मी कधी बघितला नाही. रेडीच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात तो कारकून आणि मी नर्स. नऊ वर्षं एका खोलीत काढली, पण हा बाबा सदा उभा. लिहायचा उभ्यानं, चहा प्यायचा उभ्यानं, आणि डोक्यात काही घुसलं की दारापासून खिडकीपर्यंत येरझारा. पायाला भिंगरीच. "बस रे मेल्या, तुका बघून माका गरगरता!" असं मी दिवसातून दहादा ओरडायचे. तो हसायचा आणि पुन्हा फिरायला लागायचा.

अठ्ठावन्न साली तो आला तेव्हा दवाखान्यात एकच जाडजूड वही होती. येईल त्याचं नाव, गाव, घर, आजार, औषध, सगळं एकाखाली एक. तोच माणूस दहादा आला की दहादा तेच उतरवायचं. कुणाला गेल्या वर्षी काय दिलं होतं ते शोधायचं तर अख्खी वही चाळा. गुरुदासाला त्या वहीनं पहिल्या महिन्यातच भंडावून सोडलं. त्यानं जाड कागदाची कार्डं कापली, सुताराकडून फणसाच्या फळ्यांच्या दोन पेट्या करून घेतल्या आणि माणसांना नंबर द्यायला सुरुवात केली.

एका पेटीत माणसांची कार्डं. दुसरीत घरांची: घरात कोण कोण राहतं, पाणी कुठल्या विहिरीचं. औषधांच्या वहीत नाव नाही, गाव नाही, फक्त तारीख, माणसाचा नंबर, औषध आणि देणाऱ्याची सही. "एक गोष्ट एकदाच लिवायची, जानकीबाय. बाकी सगळीकडे नंबर. नंबर धरून खंयसूनय खंयय जाता येता." मी म्हटलं, जा बाबा, जा, फिरायची हौस आहेच तुला.

बायका तर खवळल्याच. बंदराजवळची हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माका नंबर देतंस? मी काय तुरुंगातली?" पण पुढच्या पावसाळ्यात हगवणीचे सात रोगी आले. गुरुदासानं सात नंबर घेतले, त्यावरून घरं काढली, घरांवरून विहिरी, आणि पाच जण एकाच विहिरीचं पाणी पितात हे अर्ध्या तासात डॉक्टरांपुढे ठेवलं. विहिरीत औषध पडलं, हगवण थांबली. तेव्हापासून डॉक्टर त्याच्या पेट्यांना मान द्यायला लागले, आणि हा छाती काढून सांगायला लागला, "माझ्या पेटीत एक माणूस दोनदा नाय!"

घराच्या कार्डावर सुनेचं माहेर लिहायचं, हे मात्र माझ्या आरडाओरड्यामुळे सुरू झालं. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. मग मी सुइणीची पिशवी घेऊन कुणाच्या दारात उभी राहू? दर बुधवारी आमचा दवाखाना आरोंद्यालाही भरायचा, तिथल्या घरांची कार्डंही याच पेटीत होती.

त्रेसष्टच्या श्रावणात हौसाबाई आपल्या सुनेला, सुशीलेला, डोलीत घालून घेऊन आली. दुसरं बाळंतपण घरीच झालेलं, सहावा दिवस, आणि अंग नुसतं भाजत होतं. पोरगी शुद्धीत नव्हती, काहीबाही बरळत होती. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "नर्स, पेनिसिलीन. लगेच." मी सुई उकळायला ठेवली.

गुरुदासानं सुशीलेचं कार्ड काढलं. कोरं होतं. एकदा खोकला, एकदा खरूज, बास. तसं त्यानं सांगितलंही. पण कार्ड परत ठेवेना. त्या कार्डावर तीनच वर्षांच्या नोंदी होत्या, आणि समोरची बाई बावीस-तेवीसची. तो खिडकीशी गेला, परत आला.

"हौसाबाये, हिचा माहेर खंय?"

"आरोंद्याचा. भिकाजीचा चेडू. आता माहेर कित्याक होया तुका? माझी सून मराक लागली हा!"

मी सुई भरली. गुरुदास घरांच्या पेटीवर वाकला होता, कार्डं भराभरा उलटत होता. माझं डोकं तडकलं. इथं जीव जातोय आणि ह्याला कागद सुचतायत! मी दंडाला स्पिरिट लावलं. त्याच्या हातात भिकाजीच्या घराचं कार्ड आलं: बायको, दोन मुलगे, आणि मुलगी सीता, नंबर दोनशे बारा, नावावर काट, "लग्न, रेडी". त्यानं दोनशे बारा नंबर काढला, आणि स्टूल उडवून माझ्या अंगावर आला. मनगटच धरलं माझं.

"थांब! ह्या सुशीला नाय, ह्या सीता आसा!"

सुई खाली पडली. मी त्याला काय शिव्या घातल्या त्या इथं सांगत नाही. मग त्यानं कार्ड डोळ्यांपुढे धरलं. लाल शाईत डॉक्टरांचंच अक्षर: इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, शुद्ध गेली. पेनिसिलीन पुन्हा देऊ नये.

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि पोरगी उठून पेज प्यायली. हौसाबाईनं गुरुदासाला नारळ आणून दिला.

आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. त्या घटकेपासून जुन्या नावाला सासरी थारा नाही. नवी सून दवाखान्यात आली की आम्ही विचारायचो, नाव काय? ती नवं नाव सांगायची. गुरुदास पेटीत बघायचा, ते नाव नसायचं, मग नवा नंबर. त्याला ते खटकलं नाही, मला नाही, डॉक्टरांना नाही. माझं स्वतःचं नावही लग्नानंतरचं, तरी नाही! आणि सुई टोचल्यावर मुलीची शुद्ध हरपली, हे माहेरची माणसं कशाला बोलतील? फेफरं येतं म्हणतील आणि ठरलेलं लग्न मोडेल.

नारळ फोडायलासुद्धा गुरुदास थांबला नाही. "एक सापडली, म्हणून एकच असात काय?" त्यानं घरांची सगळी कार्डं टेबलावर मांडली. इकडे काट मारलेल्या मुली, तिकडे नव्या सुना, मधे माहेरची नावं. आठ दिवस तेच. जेवण नाही, धड बोलणं नाही. मी चिडवलं, ओरडले, शेवटी मीही कार्डं लावायला बसले. सीता धरून एकेचाळीस जोड्या निघाल्या. एकेचाळीस बायका त्या पेटीत दोनदा होत्या.

सीता सोडून एकोणचाळीस जोड्यांत लाल शाई नव्हती. मला हायसं वाटलं. "बघ, उगाच जीव खाल्लंस," मी म्हटलं. एकेचाळिसावी जोडी त्यानं माझ्यापुढे सरकवली.

एक कार्ड आरोंद्याच्या बाबलीचं, लग्नाआधीचं. लाल शाई. दुसरं रेडीच्या शंकराची बायको यशोदा हिचं. काळी रेघ, मृत, वय एकोणीस, हृदय कमजोर.

मला ती आठवली. शिमगा होऊन चार दिवस झाले होते. घसा सुजलेला, ताप, सासू शेजारी बसलेली. मी सुई भरून आणली तेव्हा पोरीनं माझा हात धरला. डोळे मोठे करून बघत होती, मधेच सासूकडे बघायची. मी हसले. "काय गो, सुयेक घाबरतंस? लगीन करताना नाय घाबरलंस ती!" सासूही हसली. पोरीनं हात सोडला. दहा मिनिटांत ती गेली.

ती घाबरली नव्हती हो. ती मला सांगत होती.

गुरुदास माझ्याकडे बघत उभा होता. "जानकीबाय, मी दोन नंबर दिलंय," तो म्हणाला. "माझी चूक."

"सुई कोणी मारली ती लिवलेली आसा मा वहीत?"

"आसा."

"मगे कारण बदल. लिही." मी पुन्हा सांगितलं, लिही. त्यानं 'हृदय कमजोर' खोडलं आणि खरं लिहिलं, डॉक्टरांनी खाली सही केली. शंकराच्या घरी मी स्वतः गेले आणि सांगितलं. त्याच्या आईनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बरोबरच केलं.

आता माझे केस पिकले. गुरुदास गेला, पेट्या गेल्या, दवाखान्यात नवी पोरं आली. पण अजून कुणाची सून सुईसाठी पुढ्यात बसली की मी आधी सासूला बाहेर घालवते. नवऱ्यालाही. भांडतात माझ्याशी, नर्सबाईचं डोकं फिरलंय म्हणतात. मी दार लावते, सुई खाली ठेवते आणि पोरीसमोर बसते. "सांग गो," म्हणते, "माका घाई नाय."