मी निरोप पोचवणं सोडलं
आमच्या आळीतलं कोपऱ्यावरचं घर मालिकेवाल्यांनी भाड्यानं घेतलं, तेव्हा गावातल्या बायकांना दुसरा विषय नव्हता. वाईच्या आसपास शूटिंगची नवलाई राहिलेली नाही, पण हे अगदी दारात आलं होतं. मालिका विनोदी होती. एका घरात राहणारी, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आणि त्यांच्या रोजच्या कुरबुरी. संध्याकाळी आम्ही ती लावायचो. मी आणि माझा मुलगा पोट धरून हसायचो. मालक, म्हणजे माझे यजमान, मात्र हसायचे नाहीत. सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेला माणूस, टीव्हीसमोरही ताठ बसायचा.

खरं तर तसलीच मालिका आमच्या घरात दोन वर्षं चालू होती. मुलानं भरतीची तयारी मध्येच सोडली आणि तो पाचगणीच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला लागला. मालक म्हणाले, "सुभेदाराचं पोरगं लाटणं घिऊन हुबं ऱ्हाणार व्हय?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

पण एका घरात काम अडतंच. मग मध्ये मी. दोघं हातभर अंतरावर जेवायला बसलेले असायचे आणि मालक मला म्हणायचे, "त्याला म्हणावं, सकाळी जाताना मोटर चालू कर." मुलगा म्हणायचा, "आई, आबांना सांग, उद्या सकाळी लाईट न्हाई." हे दोघांनाही ऐकू आलेलं असायचं. तरी मी पुन्हा म्हणेपर्यंत दोघं थांबायचे. त्यातही मी शब्द बदलायची. मालक म्हणाले, "त्या आचाऱ्याला इचार, आज तरी येळंवर येनार हाय का," की मी मुलाला सांगायची, "आबा जेवायला थांबतो म्हणालेत." मला वाटायचं, मी घर सांभाळतेय.

एक दिवस मालिकेची दिग्दर्शिका दारात आली. पुण्याची पोरगी, माझ्या मुलाच्या वयाची. म्हणाली, "काकू, एका भागापुरती शेजारीण हवीय. कराल?"

मालक आतून म्हणाले, "काय गरज न्हाई." मी पदर खोचला आणि तिला म्हटलं, "कवा यायचं?"

प्रसंग साधा होता. घरातले दोन भाऊ रुसून बसलेत. शेजारीण विरजण मागायला येते. दोघं तिच्याकरवी एकमेकांना टोमणे मारतात. ती बिचारी इकडून तिकडे पळते आणि शेवटी रिकामी वाटी घेऊन घरी जाते. मला शिकवावं काहीच लागलं नाही. मी अशी पळाले की कॅमेऱ्यामागची पोरं तोंडावर हात धरून हसत होती. "काकू, कुठं शिकलात?" दिग्दर्शिकेनं विचारलं. मी नुसती हसले.

मग तोच प्रसंग पुन्हा, वेगळ्या बाजूनं. मग पुन्हा. उन्हाचे दिवस, त्यात ते दिवे. पळता पळता मला ते हसणं टोचायला लागलं. हे लोक माझ्यावरच हसतायत, आणि बरोबर हसतायत, असं वाटलं. पुढच्या खेपेला मी दोघा भावांच्या मधोमध थांबले. म्हटलं, "तुमी दोघं मांडीला मांडी लावून बसलाय. तुमचं तुमी बोला की! मी इरजाण न्यायला आलीया."

ते वाक्य कागदावर नव्हतं. थोरल्या भावाचं काम करणारा नट कसलेला होता; त्यानं गुपचूप माझ्या हातातली वाटी घेतली आणि आत गेला. दिग्दर्शिकेनं ते तसंच ठेवलं.

तो भाग लागला तेव्हा आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. माझं वाक्य आलं. मुलानं मान खाली घातली. मालकांनी विचारलं, "हे त्येंनी लिवल्यालं का तुजं?"

"माजं."

त्यांनी बातम्या लावल्या. तेवढ्यात शिराळ्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती हसून हसून दमली होती. मला तिच्याबरोबर हसता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. मालक म्हणाले, "त्याला म्हणावं..." मी हात थांबवला. "आवं, आजपासनं मी कुणाचा निरोप सांगनार न्हाई. ह्येचा त्येला न्हाई, आन् त्येचा ह्येला न्हाई." दोघांनाही वाटलं, चार दिवसांचा राग असेल.

मला ते सोपं गेलं नाही. मालक सांगायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे, मुलगा चुळबुळत उभा राहायचा. जीभ शिवशिवायची. पण मी उठून भांडी घासायला जायची.

मग विहिरीचं पाणी खाली गेलं. मालकांनी ते बघितलं होतं, पण मुलाला सांगितलं नाही. मुलानं सकाळी नेहमीसारखी मोटर लावली आणि तो कामावर गेला. मोटर कोरडी फिरली आणि जळाली. संध्याकाळी तो घरी आल्या आल्या मालक अंगणातच गरजले, "डोळं न्हाईत का रं तुला? पानी बघावं लागतं!"

"तुमाला दिसलं हुतं तर सांगायचं हुतं की! तोंड न्हवतं?"

दोन वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते. मग सगळंच निघालं. मालक म्हणाले, त्यांना गावात मान वर करता येत नाही. मुलगा म्हणाला, "मला पळता येत न्हवतं, आबा. छाती फुटायची. तुमाला सांगायचं धाडस न्हवतं. मला सैपाक येतो, तेवढाच चांगला येतो." मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते. पाऊल बाहेर टाकलं नाही.

मुलानं पिशवी भरली आणि तो पाचगणीला हॉटेलातल्याच खोलीत राहायला गेला. मी रडले. बहीण फोनवर म्हणाली, "जरा मधी पड की गं." मी म्हटलं, "मी मधी पडत हुते म्हनूनच दोन वर्सं गेली."

बऱ्याच दिवसांनी एकदा चहा पिता पिता मालक म्हणाले, "पोरगं कसं हाय?"

"तुमच्याजवळ फोन हाय की."

ते फोन घेऊन गोठ्याकडे गेले. वाऱ्यावर मला एवढंच ऐकू आलं, "हां... मी बोलतोय... जेवलास का?" मग बराच वेळ ते नुसतं ऐकत उभे होते.

थंडी पडली तेव्हा दिग्दर्शिकेनं मला आणखी एका भागाला बोलावलं. मी गेले. त्याच दिवशी मालक इस्त्रीचा शर्ट घालून पाचगणीच्या एसटीत बसले. मी परत आले तेव्हा ते पाय धुऊन पुढच्या सोप्यात बसले होते. समोर स्ट्रॉबेरीची पेटी होती. तिथं काय बोलणं झालं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी मूठभर स्ट्रॉबेरी धुऊन ताटलीत घातल्या आणि आम्ही दोघांनी खाल्ल्या. जरा आंबटच होत्या.