फोनवर मी म्हणाले, "घरी आहे"

मैत्रिणींनो, आज माझ्यामुळे घरात वाद झालाय, म्हणून तुम्हालाच सांगते.

दर मंगळवारी मी एकटीच विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला जाते. आज परतताना कासा गाव यायच्या आधीच जीप पंक्चर झाली आणि ड्रायव्हरकडे स्टेपनीच नव्हती. उन्हात उभं राहण्यापेक्षा मी जवळच्या पाड्यावर गेले. एक आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"ये बाय, बस. पानी पी."

मी प्रसादाचं अर्धं खोबरं त्यांना दिलं आणि शेंगा सोलायला बसले. हात रिकामे ठेवले तर मी पाहुणी, कामाला लावले तर घरची, असा माझा नियमच आहे.

तेवढ्यात आमच्या ह्यांचा फोन. "कुठे आहेस?"

"घरी," मी सहज बोलून गेले.

"घरी तर मी आहे! तू कुणाच्या घरी?"

"अहो, नाव विचारायचं राहिलंच."

आजी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

संध्याकाळी ह्यांनी फर्मान काढलं, "आता एकटीनं जायचं नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही चला सोबत. पण शेंगा सोलाव्या लागतील. बसल्या जागी चहा मागणारा पाहुणा मी घेऊन फिरत नाही."

येत्या मंगळवारी मी जाणारच आहे. देवीनं वाटेवर एवढी घरं ठेवलीत, ती काय नुसती जीपमधून बघायला? आणि तुम्ही गं, अनोळखी ओट्यावर शेवटच्या कधी बसलात?